गाडी वाईट चालवणारा माणूस पाहिजे

आमच्या कारखान्यात त्याला सगळे अलगद म्हणत. खरे नाव फक्त हजेरीच्या वेळी पुकारले जाई, आणि ते ऐकून तो स्वतःच क्षणभर मागे वळून बघे, कुणाला हाक मारली म्हणून.

आम्ही छोट्या गाड्या बनवायचो. रस्त्यावर पळवायच्या नव्हेत. दोन माणसे बसतील एवढ्या, वर नुसता नळ्यांचा सांगाडा, दारे नाहीत, आणि चाके मात्र अंगाच्या मानाने भलतीच जाड. खाणीत, शेतात, जंगलात, रस्ता संपतो तिथून पुढे जायला या गाड्या. ज्या गाडीची ही हकीकत आहे तिला आम्ही टोळ म्हणायचो, कारण दगड आला की ती टुणकन उडायची. अलगदच्या हाताखाली मात्र तीही शहाण्यासारखी वागे.

कारखान्याच्या मागे दगडाची एक जुनी, बंद पडलेली खाण होती. नवी गाडी तयार झाली की अलगद तिला त्या खाणीत नेऊन चालवून बघे. आधी दगड, मग आडवे टाकलेले ओंडके, मग एका बाजूने चढ आणि दुसऱ्या बाजूने उतार. उताराच्या तळाशी चिखलाचा खड्डा होता, तो आम्ही मुद्दाम पाणी सोडून ओला ठेवायचो. एवढे सगळे पार करून गाडी धडधाकट परतली की अलगद मान हलवी आणि गाडी विकायला जाई. मी दुरुस्तीच्या शेडमध्ये फिटर होतो. शेडचे दार खाणीकडे उघडायचे, म्हणून मला सगळे दिसायचे. तेवढ्याच अधिकारावर हे लिहितो आहे. सवय नाही, तेव्हा कुठे मागचे पुढे झाले तर सांभाळून घ्यावे.

तरुणपणी अलगद एका काचवाल्याचा ट्रक चालवायचा. मागे मोठमोठ्या काचा आणि आरसे उभे बांधलेले, शेजारी काचवाला बसलेला, आणि रस्ते असे की पायी चालणाऱ्यानेही दोनदा विचार करावा. खड्डा आला की काचवाला काचांच्या वतीने ‘आई गं!’ असे ओरडे. ते ऐकून ऐकून अलगदच्या अंगालाच वळण लागले. पुढे ट्रक सुटला, काचवाला सुटला, वळण काही सुटले नाही. तो दार लावी ते कळत नसे. पेला ठेवी तो वाजत नसे. त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, याचा फार जाच होता. ती घरी शिवणकाम करी.

“मी मशीनवर वाकलेली असते,” ती मला सांगे, “आणि एकदम कानाशी आवाज, चहा घेतेस का? सुई बोटात! माणसानं जरा पाय आपटत यावं की नाही? नवरा आहे का मांजर?”

“मांजर बरं, वहिनी,” मी म्हणायचो. “ते निदान म्याव करतं.”

अलगद कोपऱ्यात बसून हसे. तेही आवाज न करता.

जुने साहेब होते तोवर गिऱ्हाइकांपुढे एक खेळ ठरलेला असे. टोळच्या नाकाडावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा आणि अलगदने दगडांवरून चक्कर मारून आणायची. गाडी परत आली की साहेब तो पेला उचलून सगळ्यांसमोर पिऊन टाकीत. गिऱ्हाईक टाळ्या वाजवी आणि गाड्या घेई. आपण पेला पाहिला, गाडी पाहिलीच नाही, हे कुणाच्या लक्षात येत नसे. आमच्याही आले नाही, तेव्हा गिऱ्हाइकाला नावे ठेवून काय उपयोग.

साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मॅडम आल्या. त्याच सुमारास विकलेल्या टोळ परत येऊ लागल्या. एक आली ती बदकांच्या तळ्यातून काढलेली. एक कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यातून. तिच्या सीटखाली मला एक अंडे सापडले, न फुटलेले.

“बघ,” अलगद ते हातात घेऊन म्हणाला, “गाडीत दोष असता तर अंडं राहिलं असतं का?”

तक्रार मात्र सगळ्यांची एकच होती. उतारावर गिअर आपोआप सुटतो, गाडी मोकळी होते आणि पळत सुटते.

मॅडम शेडमध्ये आल्या. त्यांचा आवाज हळू होता, त्यामुळे आम्ही सगळे जास्तच घाबरायचो.

“तुमच्या हातून कधी सुटला गिअर?” त्यांनी अलगदला विचारले.

“नाही मॅडम. लोकांना चालवता येत नाही.”

“सगळ्यांनाच?”

अलगदने विचार केला. खोटे बोलणे त्याला जमत नसे. “बऱ्याच जणांना,” तो म्हणाला.

मॅडमनी त्याला उतारावरून टोळ आणायला लावली. काही झाले नाही. पुन्हा आणायला लावली. वाळूची पोती शेजारच्या सीटवर ठेवून, पोती काढून, भरधाव, सावकाश, तिरकी, सरळ. दुपार गेली. गिअर जागचा हलला नाही. मी गिअरबॉक्स उघडून बघितली. पण टेबलावरची गिअरबॉक्स म्हणजे डॉक्टरपुढे बसलेला रोगी, तिथे नेमका खोकला येत नाही. शेवटी मॅडमनी स्वतः चालवली. त्या इतक्या जपून आल्या की एक कावळा सबंध उतारभर गाडीच्या पुढे पुढे चालत होता. कारखान्यात ज्याला ज्याला म्हणून गाडी चालवता येत होती त्याला अलगदनेच शिकवले होते, त्यामुळे तिथेही आशा नव्हती.

“आता कळलं मला,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही फार चांगली चालवता, हीच पंचाईत आहे. गाडी चुकायच्या आधीच तुम्ही तिला सावरून घेता. दोष बाहेर यायला वावच देत नाही. मला गाडी वाईट चालवणारा माणूस पाहिजे.”

“मी चालवतो की वाईट,” अलगद दुखावल्या आवाजात म्हणाला.

“जमेल?”

“न जमायला काय झालं?”

दुसऱ्या दिवशी त्याने तसा प्रयत्न केला. ते बघवत नव्हते. एका दगडाला त्याने उगाचच हॉर्न दिला आणि लगेच ओशाळून आमच्याकडे पाहिले. ओंडक्याशी त्याने डोळे मिटून घेतले, तर गाडी साय उतरावी तशी ओंडक्यावरून उतरली.

“ब्रेक मारायचा तर धसकन मार!” मी शेडमधून ओरडलो.

“धसकनच मारला!” तो ओरडला.

गाडी झोपलेल्या मुलाला खाली ठेवावे तशी थांबली होती.

मॅडमनी त्याला बाजूला बोलावले. पुढच्या आठवड्यात खाणवाले येणार होते, मोठी मागणी घेऊन. तोवर दोष सापडला तर ठीक, नाहीतर टोळ बंद करावी लागणार होती आणि गाड्या तपासायचे काम बाहेरच्या लोकांकडे द्यावे लागणार होते. “तुम्हाला मी काढणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “गोदामात घेईन.”

तो शेडमध्ये आला तेव्हा त्याचे तोंड उतरले होते. “गोदामात रे,” तो म्हणाला. “गोदामात चाकं फक्त हातगाडीला असतात.”

त्या संध्याकाळी मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. एकट्याने वहिनीला सांगायचा त्याला धीर नव्हता. वहिनीने मशीन न थांबवता सगळे ऐकून घेतले. कापड संपले तेव्हा दोरा दाताने तोडून ती म्हणाली, “मग भाऊजींना बोलवा की.”

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, अलगदचा साडू. अलगद ताडकन उठून उभा राहिला. खुर्ची वाजली. त्या घरात मी ऐकलेला त्याचा तेवढाच एक आवाज.

“त्यापेक्षा गोदाम बरं,” तो म्हणाला.

याला कारण होते. साडूकडे स्वतःची मोटार होती आणि तिचा एकही कोपरा मूळचा राहिला नव्हता. चूक कधीच त्याची नसे. ब्रेक उशिरा लागला, स्टिअरिंग जड होते, ‘तो खांब आधी तिथे नव्हता.’ गिअर तो विहिरीतून बादली ओढावी तसा ओढी. त्याच्या बायकोला वहिनी ताई म्हणे. ती गाडीत कायम मागे बसे आणि डोळे मिटून घेई. विचारले तर म्हणे, डोळ्यांना वारा लागतो. काचा बंद असत. आणि असा हा साडू दर भेटीत अलगदला चार माणसांत सुनवायचा, ‘तू रे काय, गाडी नुसती गोंजारतोस. चालवायला अंगात रग लागते.’

“मी त्यांच्या पाया पडू?” अलगद म्हणाला.

“पाया कशाला पडताय? बोलवायचं फक्त.”

“काय सांगून? तुम्ही फार वाईट चालवता, म्हणून या?”

“तसं म्हटलंत तर ताई माझं तोंड बघणार नाही,” वहिनी म्हणाली. “नुसतं म्हणा, तुमच्यासारखी मला चालवता येत नाही. खोटं आहे का त्यात काही?”

अलगदने ते वाक्य मनाशी घोळवून पाहिले. खोटे कुठे आहे ते त्याला सापडले नाही. मलाही नाही.

साडूचे चष्म्याचे दुकान होते. आम्ही गेलो तेव्हा तो एका आजोबांच्या नाकावर चष्मा चढवत होता.

“या, या! आज इकडे कुठे वाट चुकलात?”

“काम होतं, दादा,” अलगद म्हणाला आणि पाठ केलेले वाक्य एका दमात म्हणून मोकळा झाला. “आमची एक गाडी आहे, ती उतारावर तुम्ही एकदा चालवून बघावी, तुमच्यासारखी मला चालवता येत नाही.”

साडूने आजोबांचे नाक सोडले. “पुन्हा म्हण.”

“तुमच्यासारखी मला चालवता येत नाही.”

“अरे, मी हिला नेहमी म्हणतो! पगारी ड्रायव्हर वेगळा, हाडाचा ड्रायव्हर वेगळा. शेवटी आलात ना दारात? पण तू कबूल केलंस, मन मोठं आहे तुझं. कधी येऊ?”

“मला एकाची दोन अक्षरं दिसतायत,” आजोबा म्हणाले.

“सवयीनं एक होईल,” साडू त्यांच्याकडे न बघता म्हणाला.

बाहेर आल्यावर अलगद कोपऱ्याशी थांबला. मग म्हणाला, “खरं तेच बोललो ना रे मी?”

“अगदी खरं.”

“मग चोरी केल्यासारखं का वाटतंय?”

ठरल्या दिवशी साडू आपल्या मोटारीतून आला आणि येतानाच कारखान्याच्या फाटकाचा खांब घासून आला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. मागच्या सीटवरून ताई उतरली, तिने डोळे उघडले, आणि सगळे धड आहे ना ते एकदा बघून घेतले. वहिनी माझ्याजवळ शेडच्या दारात उभी होती, तिच्या शेजारी ताई येऊन उभी राहिली.

“फाटक अरुंद ठेवलंय तुम्ही,” साडू मॅडमना म्हणाला.

मॅडमनी खांबाकडे पाहिले, मोटारीकडे पाहिले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. “हेच का ते?” त्यांनी अलगदला हळूच विचारले.

“हेच.”

“वा!” मॅडम म्हणाल्या.

हेल्मेट घालायला साडू तयार नव्हता, केस विस्कटतात म्हणून. मॅडमनी ते स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यात घातले. मग शेजारच्या सीटवर वजनाला ठेवलेली वाळूची पोती बघून तो भडकला.

“मी काय वाळू वाहायला आलोय? माणूस बसवा.” आणि अलगदकडे बोट करून, “तू बस. बघ आणि शिक.”

अलगद बसला. निघताना गिअरने जो आवाज केला तो ऐकून मी डोळे मिटले, आणि वहिनी म्हणते की ताईने उघडले. दगडांवर टोळ पहिल्यांदाच नावाप्रमाणे वागली. दोघांची डोकी एकदम वर जात, एकदम खाली येत. ओंडक्यांच्या बाजूने वाट होती, पण साडूने बरोबर ओंडक्याचे टोक गाठले, आणि गाडी एक चाक वर करून गेली. मॅडम खाली चिखलाच्या खड्ड्यापासून जरा अंतरावर उभ्या होत्या, आणि आम्हीही शेडमधून येऊन त्यांच्या बरेच मागे उभे राहिलो. तिथून आम्हाला फक्त चढाचा माथा दिसत होता, आणि साडूचा आवाज येत होता. “अशी दाबायची! घाबरतोस काय? अशी!”

पुढचे अलगदने मला नंतर सांगितले. माथ्यावरून गाडी वळली, समोर उतार दिसला, आणि साडूला तो उतार तिथे असेल असे वाटले नव्हते. त्याने ब्रेकवर पाय आदळला आणि त्याच क्षणी स्टिअरिंग पिळले. टोळचा गिअर दोन सीटांच्या मधे, गुडघ्याशी असतो. अलगदच्या डोळ्यांदेखत तो दांडा उडी मारून मधल्या जागी येऊन बसला. गाडी मोकळी झाली.

अलगदने टोळचा गिअर उतारावर मोकळा असा कधी पाहिलाच नव्हता. तो चालवी तेव्हा त्याचा डावा हात त्या मुठीवर असे. काचेच्या ट्रकमध्ये गिअर खडखडला की मागच्या काचा खडखडायच्या, म्हणून तेव्हापासून उताराला हात तिथेच ठेवायचा, जड करून. इतका काळ टोळचा गिअर तोच धरून बसला होता, आणि त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते.

आता त्याचा जवळचा हात आपोआप दांड्याकडे निघाला. गिअर परत बसवला असता तर गाडी सावरली असती, साडूला काही कळलेही नसते, आणि खाली उभ्या असलेल्या मॅडमना पुन्हा एकदा काहीच दिसले नसते. न बसवावा तर खाली चिखल होता. अलगदला तेवढ्यातही गोदाम दिसले म्हणे. त्याने हात मागे घेतला. पण हात ऐकेना, पुन्हा निघाला. तेव्हा तो हातावर बसला.

खालून आम्ही पाहिले ते असे. माथ्यावर टोळ आली, एक गचका खाल्ला, आणि मग कुणीतरी मागून लोटून द्यावे तशी सुटली. साडूने ब्रेकवरचा पाय काढून दोन्ही हातांनी हॉर्न दाबला होता. शेजारी अलगद ताठ बसला होता, फोटो काढायला बसतात तसा. गाडी आमच्यासमोरून हॉर्न वाजवत गेली आणि चिखलात नाकापर्यंत घुसली. मॅडमनी अंतर राखले होते ते पुरले नाही.

 चिखलातून बुडबुडे येत होते.

“आज निदान मी बाहेर आहे,” ताई म्हणाली.

साडू उठून उभा राहिला. शर्टाचा रंग आता टोळच्या रंगाशी जुळत होता. त्याने हेल्मेटमधला चिखल ओतला, छाती फुगवली आणि जन्मभर म्हणत आलेले वाक्य म्हटले. “माझी काही चूक नाही! गाडीतच दोष आहे!”

“आहे!” मॅडम ओरडल्या. एवढ्या मोठ्याने ओरडताना आम्ही त्यांना पहिल्यांदाच पाहिले. त्यांनी चिखलाने माखलेल्या हातांनीच टाळ्या वाजवल्या. “अगदी बरोबर! गाडीतच दोष आहे!”

साडूचे तोंड उघडे राहिले. इतक्या वर्षांत त्याला असे कुणी म्हटले नव्हते. त्याने ताईकडे पाहिले. ताईने पदराने तोंड झाकले होते. रडत होती की हसत होती, ते बहिणीलाही सांगता आले नाही.

“काय सांगत होतो?” तो हळूच म्हणाला. बिचारा जरा गडबडूनच गेला होता.

अलगद गाडीतून उतरला. तो नेहमीसारखाच उतरला, चिखलाचा थेंब न उडवता. “मॅडम,” तो म्हणाला, “गिअर सुटतो. गिऱ्हाइकं खरं बोलत होती. माझा हात त्याच्यावर असायचा.” तो हात त्याने पुढे करून दाखवला, मुद्देमाल दाखवावा तसा. त्यावर बसल्यामुळे हाताला मुंग्या आल्या होत्या, बोटे नीट वळत नव्हती.

कुठे बघायचे ते कळल्यावर मला दोष सापडायला वेळ लागला नाही. गिअर जागेवर धरून ठेवायची एक स्प्रिंग असते, ती लेचीपेची निघाली. शांतपणे बसवून पाहिली की धरायची, गचका बसला की हार मानायची. आम्ही चांगली जाड स्प्रिंग घातली, खाच खोल केली आणि साडूला पुन्हा बोलावले. आता त्याला बोलवायला काही सांगावे लागले नाही. तो दुकान बंद करून, जुना शर्ट घालून आला. अलगद पुन्हा शेजारी बसला, हात मांडीखाली घालून. साडूने उतारावर ब्रेक आदळला, स्टिअरिंग पिळले, हॉर्न वाजवला. गिअर हलला नाही. गाडी तरीही चिखलात गेली, पण ते साडूमुळे. खाणवाल्यांपुढेही असेच झाले. या वेळी पाण्याचा पेला नव्हता. त्यांनी चिखलातून निघालेला साडू पाहिला, गाडी धडधाकट पाहिली, आणि त्यांच्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, “हे वाचलेत म्हणजे आपली पोरं वाचतील.”

त्यानंतर मॅडम शेडमध्ये आल्या आणि अलगदला म्हणाल्या, “गोदामाचं विसरा. तुमची जागा तुमचीच.”

मला वाटले आता तो हसेल. तो नटबोल्टांच्या डब्याकडे बघत उभा राहिला.

“नको, मॅडम,” तो म्हणाला. “माझ्या हातात गाडी खोटं बोलते. मी चालवली की ती चांगली होते, आणि घेणाऱ्याच्या घरी जाऊन वाईट होते. दुसऱ्यांना चालवू दे. मी बाजूला बसतो. कुठे काय चुकलं ते मला कळेल.”

“जमेल तुम्हाला? नुसतं बसून राहणं?”

“नाही जमणार,” अलगद म्हणाला. “पण बसेन.”

आणि तो बसला. निवृत्त होईपर्यंत शेजारच्या सीटवर बसला. चालवायला कोण कोण येई. हिशेब विभागातले एक गृहस्थ होते, ते वळताना शरीर वळवत पण स्टिअरिंग वळवायचे विसरत. टेलिफोनवरची बाई होती, ती चालवताना मागे वळून गप्पा मारी. मॅडमही यायच्या, त्यांचा कावळा आता ठरलेला होता. एकदा वहिनीला आणली, तर तिने टोळ इतकी सुरेख चालवली की मॅडमनी तिला नापास करून घरी पाठवले. अलगद त्या दिवशी दिवसभर हसत होता आणि वहिनी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. सुट्टीच्या दिवशी साडू येई. तो अजूनही म्हणे, “बघ आणि शिक.” अलगद म्हणे, “हो दादा.” आपल्याला का बोलावले होते ते साडूने कधी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. ताईला सगळे कळले होते. ती वहिनीला म्हणाली, “असू दे गं. तिथे आदळआपट करून येतात, मग घरची गाडी शांत चालवतात. मी परवा डोळे उघडे ठेवले होते, बाजारापर्यंत.”

शेजारच्या सीटवर पहिले काही महिने अलगद फार अस्वस्थ असे. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नसे. कधी मांडीखाली, कधी काखेत, कधी टोपी धरून. मला वाईट वाटायचे, पण त्याला तसे म्हणायचे मला सुचले नाही. मला अशा गोष्टी वेळेवर सुचत नाहीत.

फक्त एक वाट त्याने आपल्याकडे ठेवली होती. चाचणी संपली की खाणीतून शेडपर्यंत गाडी आणायची ती त्यानेच. त्याबद्दल कुणी काही ठरवले नव्हते, पण तो चालकाच्या बाजूला येऊन उभा राही आणि जो कोणी असेल तो उठून दुसरीकडे बसे. वाट लहानच होती, तीही साधी, मातीची. गाडी येते आहे हे आम्हाला चाकांखालचे खडे ऐकून कळे.

एका सुट्टीला मी काही कामासाठी शेडमध्ये गेलो होतो. अलगद टोळ घेऊन येत होता, शेजारी साडू, केसांपर्यंत चिखलाने माखलेला.

“अरे, जरा दाब की!” साडू ओरडत होता. “झोप येईल माणसाला!”

अलगदने काही दाबले नाही. गाडी तशीच येत राहिली. वळणापलीकडे साडूचा आवाज थांबला. दारापाशी आली तेव्हा साडूची मान कलली होती आणि हेल्मेटसकट डोके अलगदच्या खांद्यावर टेकले होते. तोंड उघडे, चांगला घोरत होता.

मी दार सताड उघडले. अलगदने मला मानेनेच नको म्हटले, आणि दारासमोरून गाडी वळवली.

“दादांची झोप मोडेल,” तो पुटपुटला.

शेडला वळसा घालून तो पुन्हा खाणीच्या वाटेला लागला. मी दारात उभा राहून बराच वेळ बघत होतो. तो आणखी एकदा आला, माझ्याकडे न बघता वळला, आणि पुन्हा गेला.